चौकातली हंगामी रोषणाई : दीपमाळेपासून एलईडीपर्यंत, आखणी नेमकी होते कशी?

गणपती, दसरा, दिवाळी, त्रिपुरारी पौर्णिमा, नाताळ. सणाचे दिवस आले की शहरातला एखादा चौक, तलावाचा काठ किंवा राजवाड्यासमोरचं मैदान दिव्यांनी उजळतं. दोन-चार आठवडे लोक सहकुटुंब बघायला येतात, फोटो काढतात आणि मग एक दिवस सगळं उतरवलं जातं. यालाच हंगामी रोषणाई म्हणतात.

घराच्या गॅलरीत माळ लावणं आणि भर चौकात रोषणाई उभी करणं यात मोठा फरक आहे. चौकात रस्ता सगळ्यांचा असतो. पैसा वर्गणीचा किंवा नगरपालिकेचा असतो. आणि ओल्या लोखंडी खांबाला हात लावणारं पोर कुणाचंही असू शकतं. म्हणून ‘यंदा किती लाख दिवे?’ हा प्रश्न खरं तर नंतरचा. आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : अंधार कुठे ठेवायचा, गर्दी कुठून न्यायची आणि दिवे कुणी, केव्हा विझवायचे.

सुरुवात आपल्याच दारात : दीपमाळ

सार्वजनिक जागेतली हंगामी रोषणाई ही परदेशातून आलेली कल्पना नाही. महाराष्ट्रात, सीमाभागात आणि गोव्यात देवळासमोर उभी असलेली दीपमाळ हे तिचंच जुनं रूप. दगडी खांब वर निमुळता होत जातो, त्याला चहूबाजूंनी हात काढलेले असतात आणि त्या हातांवर पणत्या ठेवल्या जातात. त्रिपुरारी पौर्णिमेला किंवा जत्रेला ती पेटते, बाकी वर्षभर नुसता दगड उभा असतो.

गोव्यात हिचं रूप वेगळं. मंगेशीच्या देवळासमोरचा सात मजली दीपस्तंभ पांढराशुभ्र आहे. पांढऱ्या भिंतीवर पडलेला थोडा उजेडही परत फिरतो, त्यामुळे पणत्या कमी असल्या तरी सगळा खांब उजळल्यासारखा वाटतो. काळ्या दगडाच्या दीपमाळेत मात्र खांब दिसत नाही, फक्त ज्योती दिसतात. दोन्ही प्रकार बरोबरच, पण परिणाम वेगळा. आजचा डिझायनर याच गोष्टीचा विचार करतो : उजेड वस्तूवर टाकायचा, की उजेडाचे ठिपके मांडून आकार काढायचा?

दीपमाळेची आणखी एक खुबी म्हणजे तिला ‘टायमर’ आहे. पणतीत तेल जेवढं, तेवढीच ती जळणार. तेल संपलं की खांब पुन्हा अंधारात. विजेच्या दिव्यांना ही मर्यादा नाही, म्हणून ती माणसाने घालावी लागते.

कोल्हापूरला पंचगंगा घाटावर त्रिपुरारी पौर्णिमेला भल्या पहाटे हजारो पणत्या लागतात. त्यात पायऱ्या, नदी आणि आजूबाजूचा काळोख हे तिन्ही मिळून दृश्य होतं. घाटावर मोठे फोकस लावले, तर पणत्या तेवढ्याच राहतील, पण बघायला कुणी येणार नाही.

माहीत असावीत अशी उदाहरणं

म्हैसूरचा राजवाडा. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये जळाला. नवा हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १९१२ मध्ये पूर्ण झाला. दसऱ्यात रोज संध्याकाळी या वास्तूवर सुमारे एक लाख दिवे लागतात. एरवी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी थोडा वेळ लागतात. इथे भिंतींवर उजेड फेकलेला नाही. घुमट, कमानी आणि कठडे यांच्या कडेकडेने दिवे बसवलेत. मधली भिंत काळी राहते, म्हणून रेषा उठून दिसते. सगळे दिवे एकाच क्षणी लागतात. त्या क्षणासाठी लोक आधीपासून मैदानात येऊन थांबतात.

इंदूरच्या झांक्या. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात निघणारी विजेच्या झांक्यांची मिरवणूक ही सुमारे शंभर वर्षांची परंपरा. ती उभी केली कापड गिरण्यांतल्या कामगारांनी. नंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली. पगार गेले, थकबाकीसाठी कोर्टकचेऱ्या झाल्या, तरी कामगारांनी वर्गणी आणि देणग्यांवर झांकी काढणं सोडलं नाही. ही रोषणाई चालती असते. म्हणजे बघणारा थांबतो आणि दृश्य पुढे सरकतं. गर्दीचा सगळा हिशेब इथे उलटा होतो.

चंदननगर. पश्चिम बंगालमधलं हे हुगळीकाठचं गाव जगद्धात्री पूजेच्या रोषणाईसाठी ओळखलं जातं. बांबूच्या चौकटीवर बारीक दिव्यांनी चित्रं काढायची आणि दिवे क्रमाने लावून-विझवून ती हलती करायची, हे इथल्या कारागिरांचं कसब. देशभरच्या सणांत दिसणारे ‘हलते’ मोर आणि कारंजी याच घराण्यातली. आता जुन्या बारीक बल्बची जागा एलईडीने घेतली आहे.

ब्लॅकपूल. इंग्लंडच्या या किनारी गावात १८७९ मध्ये समुद्रकाठच्या रस्त्यावर विजेचे आठ आर्क दिवे लावले गेले, ते बघायलाच झुंबड उडाली. १९१२ मध्ये सुमारे दहा हजार दिव्यांची रोषणाई झाली. पुढे ती दरवर्षीची झाली. आज ती सुमारे दहा किलोमीटर पसरते. उन्हाळा संपला की पाहुणे परत जात. त्यांना आणखी काही आठवडे थांबवायचं, हा तिचा उघड हेतू. म्हणजे रोषणाई हा इथे गावाचा धंदा आहे.

लिऑन. फ्रान्समधल्या या शहरात १८५२ मध्ये फोर्व्हिएर टेकडीवर मेरीमातेच्या पुतळ्याचा सोहळा होता. तो सप्टेंबरात ठरला होता, पण सोन नदीच्या पुरामुळे पुतळ्याचं काम रखडलं आणि तारीख ८ डिसेंबर ठरली. त्या दिवशीही वादळी हवा होती. संध्याकाळी आभाळ निवळलं, तेव्हा लोकांनी आपणहून खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तीच प्रथा आज चार रात्रींचा प्रकाशोत्सव झाली असून तिथे सुमारे वीस लाख लोक येतात. २०१५ मध्ये पॅरिसवरच्या हल्ल्यानंतर मोठा उत्सव रद्द झाला आणि शहराने फक्त खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. सगळं झगमगाट काढून घेतल्यावरही उत्सव उरला, कारण त्याचं मूळ घराघरांत होतं.

योगायोग असा, की ८ डिसेंबर हाच पणजीच्या मुख्य चर्चच्या फेस्ताचा दिवस. नागमोडी पायऱ्यांवरची ती पांढरी वास्तू उजळते, तेव्हा खालचा चौक आपोआप प्रेक्षागृह होतो. जागाच तशी आहे. तिथे आणखी कमानी उभ्या करायची गरज नाही.

कोबे. जपानच्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात आणि नंतर सहा हजारांवर माणसं गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इटालियन पद्धतीच्या नक्षीदार चौकटींची रोषणाई उभी राहिली. गेलेल्यांची आठवण आणि मोडलेल्या गावाला उभारी, एवढाच तिचा हेतू. ती एकाच वर्षापुरती होती, पण लोकांच्या आग्रहाने सुरू राहिली. खर्च भागेना, तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाने शंभर येन द्यावेत असं आवाहन करण्यात आलं. आता ती भूकंपाच्या महिन्यात, जानेवारीत होते.

आखणीची पहिली पायरी : हेतू एका वाक्यात

वरच्या प्रत्येक उदाहरणाचा हेतू एका वाक्यात सांगता येतो. म्हैसूरला राजवाडा दाखवायचा आहे, ब्लॅकपूलला हंगाम लांबवायचा आहे, कोबेला आठवण जपायची आहे. ज्या समितीला आपला हेतू एका वाक्यात सांगता येत नाही, तिथे शेवटी प्रायोजकाचा फलक सर्वांत उजळ दिसतो. म्हणून बैठकीच्या पहिल्या कागदावर ते वाक्य लिहून घ्यावं, डेकोरेटरचा कॅटलॉग नंतर उघडावा.

जागा रात्री बघायची

जागेची पाहणी बहुतेक वेळा दुपारी होते आणि तिथेच चूक होते. पाहणी दोनदा करावी : एकदा रोषणाई लागण्याच्या वेळी आणि एकदा रात्री दहानंतर. बघायचं काय?

आधीच किती उजेड आहे ते. रस्त्यावरचे दिवे, दुकानांचे बोर्ड, एलईडी जाहिरात-फलक. मोकळ्या माळावर पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं आणि एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर सुमारे एक लक्स. शहरी रस्त्यावर मात्र दहा-वीस लक्स सहज असतात. अशा चौकात पणतीसारखा नाजूक दिवा हरवूनच जातो. तिथे दोनच मार्ग : दिवे भडक करा किंवा आजूबाजूचा उजेड कमी करा. दुसरा मार्ग स्वस्त आणि देखणा. समोरच्या दुकानदारांशी बोलून दोन तास बोर्ड मंद ठेवता आले, तर निम्मं काम होतं. मात्र गल्लीबोळ, बसथांबा, स्वच्छतागृहाची वाट इथले रस्त्याचे दिवे बंद करू नयेत. दृश्यासाठी ठेवलेला अंधार बायका-मुलांच्या वाटेवर पडता कामा नये.

मग बघायचं, लोक कुठे उभे राहतील. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यासारख्या चौकात वेगवेगळ्या शैलींच्या इमारती एकमेकींसमोर उभ्या आहेत. सगळ्या एकदम रंगवल्या तर नजर ठरत नाही. एकीला मान द्यायचा, बाकीच्यांना मंद ठेवायचं.

पाणी असेल तर ते फुकटचं भांडवल. बेळगावचा किल्ला तलाव, वडोदऱ्याचं सूरसागर, हैदराबादचा हुसेनसागर. काठावरचा प्रत्येक दिवा पाण्यात दुसऱ्यांदा दिसतो. पण वाऱ्याने पाणी हललं की बारीक नक्षी फिसकटते, म्हणून काठावर ठळक आणि उभे आकार घ्यावेत.

रंग आणि दगड

तेलाच्या ज्योतीचा रंग साधारण १,९०० केल्विन, पिवळट-नारिंगी. बाजारात ‘वॉर्म’ म्हणून मिळणारा एलईडी २,७०० ते ३,००० केल्विनचा, तर दुकानातला पांढराफेक दिवा ६,५०० चा. केल्विन वाढतो तसा उजेड निळसर होत जातो.

जांभा दगडावर, म्हणजे गोवा-कोकणातल्या बहुतेक जुन्या भिंतींवर, पिवळट उजेड पडला की लाली येते. पांढराफेक उजेड पडला की तोच दगड राखाडी, आजारी दिसतो. काळा बसाल्ट उजेड खातो, त्यावर कितीही फोकस टाकले तरी पुरत नाहीत. तिथे दीपमाळेची पद्धत बरी : भिंत काळीच ठेवून कडांवर ठिपके. आणि एका जागी दोनपेक्षा जास्त रंग घेतले की सण कुठला तेच कळत नाही.

लुकलुकाट जपून वापरावा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप होणारा मोठा, झगझगीत उजेड अपस्माराच्या काही रुग्णांना धोक्याचा ठरू शकतो. चालकांच्या डोळ्यांवर येईल असा फोकस आणि सिग्नलजवळ लाल-हिरव्या माळा, या दोन्ही टाळायच्या.

ऋतू बघून सामान

‘हंगामी’ या शब्दात हंगाम आहे, हे विसरून चालत नाही. गणेशोत्सव भर पावसात येतो. दसरा परतीच्या पावसात, तेव्हा बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात दुपारनंतर वळीव कोसळतो आणि वारा सुटतो. दिवाळी कोरडी, पण पहाटे दव. नाताळात गोव्यात पाऊस नाही, पण खारी हवा जोडांना गंज आणते. एकाच डेकोरेटरचं एकच सामान या चारही हंगामांत चालेल असं नाही.

उघड्यावरच्या सामानावर ‘आयपी’ क्रमांक बघायचा. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. पाण्यात बुडण्याची शक्यता असेल तिथे ६७ किंवा त्याहून वरचं लागतं. पण दिवा ६५ चा आणि जोड नुसत्या टेपने गुंडाळलेला, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. पाणी दिव्यातून नाही, जोडातून शिरतं.

वीज : इथे तडजोड नाही

रोषणाईतला सर्वांत मोठा धोका उंचावरच्या दिव्यात नसतो, हाताच्या उंचीवरच्या खांबात असतो. वायरीचं आवरण कुठेतरी खरचटतं, ती लोखंडी कमानीला टेकते, पाऊस पडतो आणि सगळी कमान जिवंत होते.

* रीतसर तात्पुरतं कनेक्शन. बेळगावात हेस्कॉम, गोव्यात वीज खातं, महाराष्ट्राच्या बहुतेक भागात महावितरण. कंपनी वेगळी, तत्त्व एकच. रस्त्याच्या खांबावर आकडा टाकून घेतलेली वीज नुसती चोरी नव्हे, तिला संरक्षणही नसतं. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम देशभर लागू आहेत. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं.
* ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी जास्त प्रवाहापासून वायरीला वाचवतो, तर गळणारा प्रवाह ओळखून माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. प्रत्येक भागाला वेगळा हवा, म्हणजे एक बिघडला तर सगळा चौक अंधारात जात नाही. रोज संध्याकाळी त्याचं ‘टेस्ट’ बटण दाबून बघायचं.
* अर्थिंग. प्रत्येक लोखंडी कमान, खांब आणि पेटी जमिनीशी जोडलेली असावी आणि ते मोजून तपासलेलं असावं.
* हाताशी येणारं सगळं कमी व्होल्टचं. १२ किंवा २४ व्होल्टच्या माळा लावल्या तर झटक्याचा धोका फार कमी होतो. पण त्याचा हिशेब वेगळा असतो. २४० वॅटच्या भाराला २३० व्होल्टवर एक अँपिअरच्या आसपास लागतो, २४ व्होल्टवर दहा आणि १२ व्होल्टवर वीस. लांब बारीक वायरीत हा प्रवाह दमतो आणि शेवटचे दिवे पिवळे पडतात. म्हणून ड्रायव्हर माळेजवळच, कुलूपबंद पेटीत आणि हात पोचणार नाही अशा उंचीवर बसवावा.
* वेगळी आणीबाणीची लाइन. ऐन गर्दीत वीज गेली तर वाट दाखवणारे चार दिवे जनरेटरवर किंवा बॅटरीवर लागलेच पाहिजेत.
* मेन स्विचपाशी माणूस. रोषणाई चालू असेपर्यंत एक वायरमन जागेवर हवा आणि स्विच कुठे आहे हे पोलिसांना, अग्निशमन दलाला आधीच दाखवलेलं असावं.

सांगाडा आणि वारा

दिव्यांची कमान म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने शीड. वाऱ्याचा दाब काढायचं सोपं सूत्र आहे : वेगाचा (मीटर प्रतिसेकंद) वर्ग गुणिले ०.६. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. तेव्हा दर चौरस मीटरला २४० न्यूटन, म्हणजे साधारण २४ किलोंचा रेटा. सहा बाय तीन मीटरचा कापडी फलक कमानीवर ताणला तर रेटा चारशे किलोंच्या वर जातो. वाळूच्या दोन पोत्यांनी हे भागत नाही. म्हणून कमानीला जाळी ठेवावी, गच्च कापड ताणू नये आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्यावा. रस्त्यावरून जाणाऱ्या कमानीखाली किमान साडेपाच मीटर मोकळे ठेवले, तर बस आणि अग्निशमनची गाडी अडत नाही.

गर्दीचा हिशेब

चांगली रोषणाई माणसांना थांबवते, आणि थांबलेली माणसं वाट अडवतात. समजा चौक ५० बाय ४० मीटरचा आहे, म्हणजे दोन हजार चौरस मीटर. सांगाडे, गाडे आणि दुचाकी वजा जाता निम्मा उरला. दर चौरस मीटरला दोन माणसं धरली तर दोन हजार लोक आरामात उभे राहतात. हीच संख्या चार-पाच हजारांवर गेली की माणूस स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही. बाहेर पडण्याचीही मर्यादा आहे. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ऐंशी माणसं जातात. तीन मीटरची एकच गल्ली असेल, तर दोन हजार लोकांना बाहेर पडायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो, तोही वाटेत गाडा नसेल तर.

दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ रोजी हॅलोविनच्या गर्दीत इतेवॉन भागातल्या एका उतरत्या अरुंद गल्लीत चेंगरून १५९ जणांचा जीव गेला. आग नव्हती, स्फोट नव्हता, फक्त दोन्ही बाजूंनी येणारी माणसं होती. म्हणून येण्याची वाट एक, जाण्याची दुसरी, हा नियम लिऑनसारखी शहरं काटेकोर पाळतात. फोटोची जागाही मुद्दाम वाटेपासून बाजूला ठेवायची. सर्वांत आकर्षक आकार गल्लीच्या तोंडाशी नको, मैदानाच्या आत हवा.

झाडं, पाखरं आणि शेजारी

झाडाच्या खोडाला तारा गुंडाळणं सोपं, म्हणून सगळीकडे तेच होतं. पण खिळे आणि आवळलेल्या तारा साल कापतात आणि रात्रभरचा उजेड पाखरांची झोप मोडतो. झाडांवरच्या दिव्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेल्यावर २०२४ मध्ये मुंबई महापालिकेने असे दिवे उतरवायला घेतले. माळ झाडाशेजारी खांबावर लावली तरी शोभा तीच राहते.

न्यूयॉर्कचं उदाहरण बोलकं आहे. तिथे ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ दरवर्षी ८८ झोतदिवे आभाळात सोडतात. स्थलांतर करणारे पक्षी त्या झोतांत अडकून घिरट्या घालत राहतात. सात रात्रींच्या अभ्यासात सुमारे ११ लाख पक्ष्यांवर परिणाम झाल्याचं दिसलं. आता तिथे रात्रभर पक्षी मोजतात आणि झोतांत हजारावर पक्षी अडकले की वीस मिनिटं दिवे बंद ठेवतात. इतक्या भावनेच्या स्मारकालाही विझण्याचा नियम लावता येतो, मग चौकातल्या कमानीला का नाही? रुग्णालय, वसतिगृह किंवा वृद्धांची वस्ती जवळ असेल तर रात्री दहा-अकराची वेळ ठरवून ती फलकावर लिहावी आणि पाळावी.

अक्षरं की आकार?

सीमाभागात हा मुद्दा नाजूक. दिव्यांच्या अक्षरांत लिहिलेल्या शुभेच्छा फलकांच्या नियमांत येऊ शकतात. कर्नाटकात २०२४ च्या कायद्याने व्यावसायिक फलकांवर ६० टक्के कन्नड बंधनकारक केलं आहे. अक्षरं हवीच असतील तर नियम आधी विचारून घ्यावा. पण आकाशकंदील, समई, तुळशीवृंदावन, तारा यांना कुठलीच लिपी लागत नाही. चौकात उभा असलेला कुणीही ते वाचू शकतो.

खर्च आणि उतरवणं

विजेचं बिल लोकांना वाटतं तेवढं मोठं नसतं. पाच किलोवॅटची एलईडी रोषणाई रोज पाच तास, वीस दिवस चालली तर ५०० युनिट होतात. पंधरा वॅटचे हजार जुने बल्ब हेच काम पंधरा किलोवॅटमध्ये करत. खरा खर्च सांगाडा, मजुरी, राखण, विमा आणि उतरवण्यात जातो. म्हणून अंदाजपत्रकात उतरवण्याचा वेगळा रकाना हवा आणि त्या तारखेपर्यंत कंत्राटदाराची काही रक्कम राखून ठेवावी. नाहीतर शिमग्यापर्यंत दिवाळीच्या तारा लोंबत राहतात. दहा-पंधरा टक्के माळा सुट्या ठेवल्या तर मधेच विझलेला पट्टा त्याच रात्री बदलता येतो. आणि दरवर्षी नवं घेण्यापेक्षा चौकटी सुट्या होतील अशा बनवल्या, तर पुढच्या वर्षी फक्त नक्षी बदलायची.

थोडक्यात : लावण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. हेतू एका वाक्यात सांगता येतो का?
२. जागा रात्री पाहिली का, आणि मुद्दाम अंधारा ठेवायचा भाग ठरला का?
३. प्रत्येक भागाला आरसीसीबी आणि प्रत्येक लोखंडी वस्तूला अर्थिंग आहे का?
४. वाऱ्याचा आणि पावसाचा हिशेब कुणी सही करून दिला का?
५. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी आहे का?
६. रोज विझवण्याची वेळ आणि विझवणारा माणूस ठरला का?
७. उतरवण्याची तारीख कागदावर आहे का?

या सातांपैकी एकाचंही उत्तर ‘बघू’ असेल, तर दिवे थोडे कमी लावावेत आणि ते उत्तर आधी मिळवावं.